क्रियापद शेवटी

उद्यमबागेत, पॅटर्नच्या कारखान्यावरची खोली.
खाली सागवानाचा भुसा, शेजारच्या फाउंड्रीची काळी वाळू,
वर आम्ही चौघं, एक पंखा
आणि अजून नाव न ठरलेली एक भाषा.

तीन रविवार एकाच शब्दावर गेले.
फंक्शननं उत्तर घेऊन मागं फिरायचं,
त्याला म्हणायचं काय?
'परत', मी म्हटलं.
'मरळिसु', गुरुसिद्ध.
'वापस' म्हणा, मुदस्सर म्हणाला, दोघांचंही मिटेल,
तर आम्ही दोघं मिळून त्याच्यावर घसरलो.

वैजूला शब्दांशी देणंघेणं नव्हतं.
"यंत्रच खोटं आहे, त्याला कान कुठले?
आकडे द्या त्याला. एक म्हणजे ठेव. दोन म्हणजे मिळव."
तिला स्टॅक हवा होता,
हॉटेलातल्या ताटांसारखा, वरचं उचलल्याशिवाय खालचं नाही.
मला रजिस्टरं हवी होती,
नंबर घातलेले कप्पे, जो तो आपल्या जागी.
"आणि कप्पे संपले की?"
मी चहाचा विषय काढला.

मग लाईट गेली.
पंखा दमत दमत थांबला,
अंधारात गुरुसिद्ध स्वतःशीच बोलला,
'करंट बंदरे नोडोण.'

करंट आला तर बघू.

मी ते वाक्य मनातल्या मनात मराठीखाली मांडलं,
शब्दाखाली शब्द,
आणि एकही जागचा हलवावा लागला नाही.
अट शेपटाला, काम त्याच्याही मागं.
"ए, दोन आणि तीन मिळव, हे तुझ्या घरात कसं सांगतात?"
"एरडु मूरु कूडिसु. का?"
दोन ठेवायचे. तीन ठेवायचे.
सगळ्यात शेवटी क्रियापद येतं,
वरचे दोन उचलतं, एक ठेवून जातं.
खडू चाचपडत वैजू हसली,
"अरे गाढवांनो, हाच तर स्टॅक!"

पाटीवरच्या अक्षरांसाठी दगड उचलणारं आमचं गाव
पाटीच्या मागं
कधीपासून एकाच क्रमानं बोलत होतं.
माझी रजिस्टरं मी त्या अंधारातच मागं घेतली.

कचरा उचलायचं काम मुदस्सरकडं.
मुळांपासून निघायचं, धाग्याधाग्यानं जायचं,
ज्याच्यापर्यंत कुणाचंच बोट पोचत नाही
त्याची जागा मोकळी करायची.
"एकाच जागेला दोन नावं असली तर?"
"चालतंय की. बेळगाव म्हण, बेळगावी म्हण, पत्ता एकच.
एक पुसलं तरी दुसरं धरून ठेवतंय."
हे तो स्क्रीनकडं बघत म्हणाला.
कुणी काही बोललं नाही.

परशराम मिस्त्री वर आले, हातात किटली.
"अजून भांडूलासा काय रे? किती झाले हुकूम?"
सदतीस.
"मावतात किती?"
दोनशे छप्पन्न.
"मग भरू नका सगळे.
लोखंड थंड होताना आखडतं,
म्हणून लाकडाचा साचा मी मापापेक्षा थोडा मोठाच ठेवतो.
तुमचं काय आखडतं ते तुम्हालाच ठाऊक."

रात्री सव्वाअकराला पहिल्यांदा चाललं.
दोन. तीन. मिळव. दाखव.
पडद्यावर पाच आला,
पण इंग्रजीतला.
आम्ही चौघं त्याच्याकडं बघत राहिलो,
आणि मग गुरुसिद्धनं खुर्ची पुढं ओढली,
मीही ओढली.
दोनशे एकोणीस जागा रिकाम्या होत्या,
मागं फिरायच्या हुकमाला अजून शब्द नव्हता,
त्याच्या जागी वैजूनं नुसती एक रेघ मारून ठेवली होती.
खाली मिस्त्रींनी शटर ओढलं.
"किल्ली कोण देणार परत?" ते ओरडले.
"मी कोडतीनि," गुरुसिद्ध म्हणाला,
आणि काय बोललो ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.