ळ

हल शहरात, जिथं हम्बर नदी
उरलेल्या चहासारखी समुद्रात ओतली जाते,
हेस्टर ओल्डरॉयडचं ऑफिस म्हणजे
मासेवाल्याच्या दुकानावरची खोली.
हीटर होता. कोर्टाच्या तारखांसारखा,
आज नाही, उद्या.

मी टायपिस्ट. मिरजेची.
पहिल्या दिवशी म्हणाली, नाव नीट सांग.
प्रमिळा.
प्रमिला?
नाही. जीभ मागं वळव, टाळूला लाव, सोडून दे.
तीन आठवडे जिना चढता-उतरता
तिचं ळ ळ ळ चाललं होतं,
शेवटी मासेवाला डॉक्टरचा पत्ता द्यायला वर आला.
ती म्हणाली, सरकार आधी नाव चुकवतं,
मग माणूस.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ही चढायची, दर मंगळवारी,
लेकाचे जुने बूट घालून.
सिरवान न्हाव्याला तिनं विमानातून उतरवलं,
पट्टा बांधून झाला होता त्याचा.
तेव्हापासून तो तिचे केस फुकट कापतो
आणि वाईट कापतो.

मग पक्षाची दोन माणसं आली, केक घेऊन.
बाहेरून दार किती वर्षं ठोकणार, म्हणाली.
प्रश्न चुकीचा नव्हता.
केकही बरा होता.

चारशे बारा मतांनी निवडून आली.
पहाटे चारला, माईकवर:
माझी मैत्रीण प्रमिला.
माईक खराब असेल, मी म्हटलं.

आता मी उत्तरं टाइप करते:
आपली चिंता लक्षात घेण्यात आली आहे.
हेच वाक्य पूर्वी आम्ही
लाल पेनानं अधोरेखून भिंतीवर चिकटवायचो,
हसायला.

मार्चमध्ये ते विधेयक आलं.
माणसाला कोंडून आणखी किती दिवस ठेवता येईल, त्याचं.
ती पक्षाच्या मागोमाग होकाराच्या दालनातून चालत गेली.
रात्री पावणेबाराला फोन.
ती बोलली नाही, मीही नाही.
तिकडं कुणीतरी कपबशा विसळत होतं.

त्या महिन्यात सिरवाननं पैसे घेतले.

शुक्रवारी ती वाचनालयात बसली, नेहमीच्या टेबलाशी.
तासभर कुणी आलं नाही.
मग एक म्हातारा, भिजलेलं पाकीट छातीशी धरून.
तिनं चष्मा काढला. नाव सांगा, म्हणाली,
सावकाश.
त्यानं सांगितलं. तिनं चुकीचं म्हटलं.
परत म्हटलं.
मग माझ्याकडे वळली: लिहून घेतेस, प्रमिला?
थांबली.
जीभ मागं नेलेली दिसली मला, गालाच्या आत,
काहीतरी शोधत असल्यासारखी.

मी पेनाचं टोपण काढलं.