कोरडं वजन

चार तास झाले की जुबेर सुया काढतो,
बोळा दाबून धरायला लावतो,
मग काट्यावर उभं करतो. बासष्ट चारशे.
"जमलं मामा, कोरड्या वजनाला आलात."

अडीच किलो पाणी गेलं अंगातून.
खाली टँकरवाला हौदात पाइप सोडून
बिडी ओढत उभा. त्याच्याच पाण्यावर
चालते आमची मशीन.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी,
मला दिवसाला पाऊण लिटर.
गयाबाईनं बाटलीवर नेलपॉलिशची रेघ मारलीय.
रेघेखाली मी, रेघेवर तिची नजर.

आज डोळ्याच्या बाई आल्या होत्या.
डायलिसिसच्या आधी एक फोटो, नंतर एक.
हनुवटी टेका, कपाळ लावा, हिरव्या फुलीकडं बघा.
बघितलं.
एकवीस वर्षं भट्टीकडं बघितलं,
फुलीचं काय एवढं.

पडद्यावर माझाच डोळा, आतून.
मी गप्प झालो तर बाईंना वाटलं, घाबरलो.
मी रंग बघत होतो.
हा रंग माझ्या ओळखीचा:
सळई भट्टीतून निघून तिसऱ्या रोलापाशी येते तेव्हाचा,
पिवळा सरलेला, लाल अजून पुरता न आलेला.
हा दिसला की मी हात वर करायचो
आणि पलीकडं महतो रोल आवळायचा.
मापाचं यंत्र होतं,
दिवाळीपासून बंद होतं.
जालन्याचं लोखंड माझ्या डोळ्यावर चालायचं
म्हणलं तर बाई हसल्या. खोटं नाही ते.

मग सांगू लागल्या.
पडद्यामागं रक्तानं भिजलेला एक थर असतो, चिंधीसारखा.
सकाळी फुगलेला होता, आता बसलाय.
"कितीनं?"
"केसाचा तिसरा हिस्सा धरा."
केसाच्या तिसऱ्या हिश्शानं
आमच्याकडं माल परत येत नसतो.

म्हणजे पाणी नुसतं पायातून नाही उतरलं.
बघायच्या जागेतूनही उपसलं गेलं.
"रक्त कमी पोचतं का तिथं?"
"बारीक नळ्यांत, थोडा वेळ.
कुणाला होतं, कुणाला नाही.
म्हणून तर मोजतोय."

म्हणून तर मोजतोय.
एवढं सरळ उत्तर मला
किडनीच्या बाबतीत कुणी दिलं नव्हतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
मोंढ्यावरून रिक्षा वळते तेव्हा
तूर आणि हरभरा एकाच ढिगातले दिसतात.
मी समजायचो धूळ आहे.
गयाबाईच्या साडीला दोनदा राखाडी म्हणलं,
दोन्हीदा ती काही बोलली नाही.
मोरपंखी होती ती.
दुकानात तिला पाऊण तास लागला होता.
आज सांगीन, साडीचा दोष नाही गं,
चिंधी बसलीय.

रात्री अकराला गच्चीत येतो.
डाव्या हातात शीर जोडलेली,
तिथं कान लावला तर विहिरीवरची मोटार ऐकू येते.
एमआयडीसीकडं आभाळ तापलेलं.
गयाबाई जवळ येऊन विचारते, "किती असेल आत्ता?"
पूर्वी असलं कधी विचारायची नाही.
मी डोळे बारीक करतो.
रंग हळूहळू भरत येतोय, पण कडेकडेनं.
"थांब जरा," म्हणतो.
हात मांडीवरच ठेवतो.