निव्वळ वजन

एकतीस वर्षं मी लोकांची मापं तपासली.
इतवारीच्या किराणा ओळीत, मस्कासाथच्या बोळांत
तागडीखाली चिकटवलेली चिंच नखानं खरवडली,
बुडात लाकडी चकती बसवलेलं लिटरचं माप
दुकानदाराच्या पोरांसमोर जप्त केलं.
शिक्का नाही ते माप नाही,
असं मी झोपेतही बरळायचो, म्हणे.

आणि घरी, गोळीबार चौकात,
सगळ्या ओट्याचा कारभार एका पेल्यावर.
पितळी, बिनशिक्क्याचा, एका अंगानं चेपलेला.
मी त्याच्याकडं नीट पाहिलंच नाही कधी.
पाहिलं असतं तर पावती फाडावी लागली असती,
आणि रात्रीचं जेवण?

आता चंद्रकलाला मसाल्याचा परवाना मिळालाय.
कामाला दोन बाया येणार,
त्यांच्या हाती ‘अंदाजानं’ असा कागद कसा देणार?
रविवारी पेपर अंथरला. काटा पुसून शून्यावर आणला.
वहीत आधीच लिहून ठेवलं : एक पेला म्हणजे,
आणि पुढं एकाच आकड्याची जागा सोडली.

धणे, अडुसष्ट.
खसखस, एकशे बावीस.
खडेमीठ, दोनशे तीस.
मग दगडफूल, पेला शिगोशीग,
आणि काट्यावर
नऊ.
दगड नुसता नावात.

मी हसलो नाही. मला लाज वाटली.
नोकरीत तेलाचं माप तेलाला, तांदळाचं तांदळाला;
एकाच भांड्यात सगळं जग ओतून पाहायची
वेळच कधी आली नव्हती.

“तिखट सैल भरू का दाबून?”
रोज कसं भरतेस?
“रोज भरते तसंच.”
बरं, मग तसंच भर.
“पण मे महिन्यातलं का आताचं?
उन्हाचं तिखट हलकं राह्यते.
अन् श्रावणात मीठ जड होते,
तवा पेला जरासा उणा घ्या लागते.
लिहा नं, काहून थांबले?”

लिहिलं. रकाना संपला, समासात गेलो.
शेवटी म्हटलं, आधी पेलाच तपासू.
काठोकाठ पाणी भरलं, एक थेंबही न सांडता.
एकशे शहाण्णव.

चार कुठं गेले?

तिनं पोच्यावर अंगठा ठेवला. बरोबर मावला.
“देवराव मॅट्रिक नापास झाला तवाचा.
मागाच्या खांबावर फेकून मारला होता त्यानं.
आईनं उचलला, पुसला, अन् त्या दिवसापासून
हर पेल्यावर दोन चिमटी वरून.”

दोन चिमटी वरून.
लग्नापासून पाहत आलो ते :
पेला ओतायचा, मग तीन बोटं डब्यात, एकदा, पुन्हा एकदा.
मला वाटायचं बरकत असेल,
किंवा बायकांची काही खूण, विचारू नये अशी.
ती तर पडताळणी होती.
माझ्या खात्याच्या कितीतरी आधीची,
अर्ज नाही, शुल्क नाही.

तिच्या चिमट्या तोलल्या. तिखटाच्या, दहा वेळा.
दोन ग्रॅम. दोन. दोन. एकदा एक पूर्णांक नऊ,
तेव्हा दारात गॅसवाला आला होता.

कागद झाला. पोचा आकड्यांत भरून निघाला.
बायांना चिमटीची गरज नाही,
मी दोनदा बजावून सांगितलं.

रात्री हिंजवडीहून मोनालीचा फोन :
“आई, माझी तर्री तुझ्यापेक्षा तिखट काहून होते?
सगळं मापानं घेते, प्लास्टिकचा कप आहे, रेघांचा.
अन् वरून दोन चिमट्या, तू टाकते तशा.”

चंद्रकलानं माझ्याकडं पाहिलं.
मी वही मिटली.
“होऊ दे,” ती फोनमध्ये म्हणाली,
“दही घे थोडं.”
किती, ते तिनं सांगितलं नाही.