एकोणीस चाव्या

सेहेचाळीस अंशांच्या दुपारी
त्रिमूर्तीनगरच्या दुसऱ्या मजल्यावर
एकच खोली गार असते, आणि ती माणसांसाठी नाही.
आम्ही अकरा जण बाहेर, कूलरच्या दमट वाऱ्यात,
आत तो, दार लावून, एसीत,
जिनिंगच्या वजनकाट्यांसाठी लिहिलेली
सात वर्षांची ओळन् ओळ पोटात घेऊन.

गुरुवारी धवड साहेब म्हणाले,
"बारापात्रे, हिंगण्यात कोणाच्या तरी सर्व्हरमध्ये घुसले म्हणे.
आपलं बघून घ्या जरा."
जरा.

रात्री लॉग उघडला.
दारावर आलेले आपलं नाव सांगत होते:
रूट. अ‍ॅडमिन. टेस्ट. पुन्हा रूट.
एकाने नुसतंच गेस्ट म्हटलं, तेवढा तरी प्रामाणिक.
मिनिटाला चाळीस वेळा, न चिडता,
कुठल्या कुठल्या देशांतून
कडी हलवून बघत होते.
आम्हाला वाटायचं, आपल्याला कोण ओळखतं!

पासवर्डने आत येणं बंद केलं.
रूटचं येणं बंद केलं.
जी पोर्टं कशासाठी उघडली ते कुणालाच आठवेना
ती सगळी बंद केली.
हे करताना दुसऱ्या खिडकीत एक सेशन जागं ठेवलं,
कारण स्वतःलाच बाहेर ठेवून कुलूप लावायची चूक
मी एकदा केली आहे, मे महिन्यातच,
आणि जिन्यात बसून चावीवाल्यासारखी धवड साहेबांची वाट पाहिली आहे.

मुख्य शाखेवर जबरदस्तीने लिहायची मुभा
सगळ्यांना होती. ती काढताना बाबा आठवले.
तहसिलीत बत्तीस वर्षं, बोटाला लाल शाई.
"नोंद खोडाची नसते.
कंस कराचा, बाजूले फेरफाराचा नंबर टाकाचा.
चुकलेलंही वाचता आलं पाह्यजे."
त्यांनी गिट पाहिलेलं नाही.

जुन्या कमिटांत एक पासवर्ड सापडला, उघडा.
लिहिणारी मीच, सहा वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजता.
दुसऱ्या दिवशी फाइलमधून काढलाही होता,
जणू काढला म्हणजे कुणी पाहिलाच नाही.
पासवर्ड बदलला. नोंद राहू दिली.

मग चाव्यांची यादी.
माणसं अकरा, चाव्या एकोणीस.
प्रफुल्ल पुण्याला गेला, त्याच्या दोन.
भाग्यश्रीची एक, लग्नाआधीच्या आडनावाची.
इंटर्न पोराची एक, ज्याचा चेहराही आठवत नाही.
एकेक ओळ पुसत गेले,
कुणाला कळणार नव्हतं, कुणाचं काही जाणार नव्हतं,
तरी प्रत्येकीपाशी बोट थोडं थांबलं.

एक मात्र जिवंत निघाली.
रोज पहाटे तीन दहाला यायची,
सगळं वाचून न्यायची, काही न लिहिता परत जायची.
तीन वर्षं. एक दिवस खाडा नाही.
नाव नाही, नुसतं 'जुना'.
कपाळावर घाम आला, एसीच्या खोलीत.
पत्ता शोधला. नागपूरचाच.
आणखी शोधला. मानेवाडा.
आणखी शोधला, आणि खुर्चीला टेकले.

माझा जुना लॅपटॉप.
बाबांना दिला होता, पेन्शनचे अर्ज टाइप करायला,
बॅकअपची ती एक सूचना आत विसरून.
ते बंद करत नाहीत तो कधी. म्हणतात, चालू होताना त्रास होते त्याले.

पहाटे घरी पोचले. लाइट गेलेली,
बाबा गच्चीत, चटईवर जागे.
"काहून वं, एवढा उशीर?"
म्हटलं, एक चोर शोधत होते.
"सापडला?"

खाली बैठकीत
बॅटरीवरचा तो लहान पिवळा दिवा
अजून जळत होता.
तीन वाजून नऊ मिनिटं.
चावी मी मघाशीच काढली होती.
तरी जिन्यात उभी राहिले,
त्याने कडी वाजवून बघेपर्यंत.