एकशे शहात्तर

नारिनमध्ये जानेवारीत सहा वाजले
की घरोघरचे हीटर एकदम लागतात
आणि तारेतला दाब खचतो.

बुरुल्कान मीटरच्या सुया सॉकेटात खुपसते :
एकशे शहात्तर.
वायरीला चिमटा लावते : आठ अँपिअर.
चहाच्या पुड्यावर पेन्सिलीने भागाकार.
बावीस ओहम.
ऑक्टोबरात दोनशे वीसला दहा होते,
तेव्हाही बावीसच.

"वेटोळं इमानी आहे," ती म्हणते,
"त्याला बोल लावू नकोस."

मग गुणाकार.
तेव्हा बावीसशे वॅट,
आज चौदाशे आठ.

एमिलबेक हातमोजे न काढताच आकडे वाचतो.
"दाब गेला पाचवा हिस्सा,
ऊब तिसऱ्या हिश्श्याहून जास्त?"

"दाब पडला की धाराही पडते रे.
गुणाकारात दोघंही लंगडे."

तो पुडा उलटा करतो, सुलटा करतो.
"म्हणजे बाबांच्या पैशांसारखं.
नोवोसिबिर्स्कला हजेरीचा दरही उतरला,
कामाचे दिवसही."

बुरुल्कान काही बोलत नाही.
उठून किटलीचं बटण बंद करते,
पाणी अजून कोमटच.

मीटरवरचा आकडा जरा थरथरतो :
एकशे अठ्ठ्याहत्तर.