तांबट, नग एक

पाडवा होऊन पाच दिवस झालेले,
गुढीवरचे तांबे पुन्हा फडताळात,
नातीनं गळ्यात दुर्बीण अडकवली आणि म्हणाली, चला आबा.

एम्प्रेस गार्डन, सकाळचे साडेसहा.
आम्ही चौदा जण. पुढं शमिका मॅडम,
खाकी टोपी, ओठांवर बोट.
नावं सांगायची होती.
मी म्हणालो, दिगंबर तांबट, कसबा पेठ.
सगळे हसले. मला कारण कळायला वेळ लागला.

एक्केचाळीस वर्षं मठारकाम.
डावा कान बंबांनी नेला,
उजवा हंड्याकळशांनी थोडा थोडा.
म्हणून ‘ऐका!’ म्हणत सगळे थबकले
तेव्हा मी नुसते त्यांचे चेहरे बघत होतो:
माना वर, तोंडं उघडी,
ज्याला त्याला वेगळ्याच झाडावर ऐकू येतंय.
‘वडावर.’ ‘छे, तिकडं, दोन वाजता.’
माझ्या घड्याळात सात वाजत होते.

मला ऐकू येत नव्हतं, म्हणून दिसला.
उंबराच्या वाळक्या शेंड्याला,
मुठीत मावेल एवढा, हिरवा,
कपाळावर करंडा उपडा झाल्यासारखं लाल,
आणि गळा
फुगतोय, बसतोय, फुगतोय, बसतोय.
चोच मिटलेली.

ठोके मोजले. सवय.
हात चांगला होता, लय सुटत नव्हती.
एकच शंका आली:
ठोक्यागणिक भांडं फिरवावं लागतं,
नाहीतर पत्रा एका जागी पातळ होऊन फाटतो.
याचं भांडं कोण फिरवतंय?

मग लक्षात आलं, तो मानच फिरवत होता.
दोन ठोके रेसकोर्सच्या घोड्यांकडं,
दोन आमच्याकडं,
दोन मागच्या चिंचेकडं.

नात कानाशी ओरडली, आबा, वहीत किती लिहू?
एक लिही, म्हणालो. मला धरू नकोस.

आमच्या आळीशेजारी सहा मजले उठले,
तिसऱ्या मजल्यानं अर्ज दिला: आवाज फार होतो.
तेव्हापासून दुपारी एक ते चार हातोडी खाली.
याच्यावर अजून कुणाचा अर्ज नसावा.

चहाला बसलो तेव्हा मॅडमनी वहीवर लिहून विचारलं,
त्याचा आवाज आठवतो का?
कागदी पेल्यावर बोट वाजवलं. त्यातून काय निघणार.
मग खिशातून दुकानाची किल्ली काढली,
बाकाच्या लोखंडी दांड्यावर धरली,
नेहमीच्या हातानं.

चौदातले चार-पाच जण
वर झाडात बघायला लागले.