हातचा एक

टिस्क-उसगावला, तिठ्याच्या अलीकडे,
पत्र्याच्या शेडमध्ये
टिपरचं मागचं चाक उघडून बसलोय.
खाण बंद पडल्यापासून रांगेत उभाच होता.
आता बेळगावचं गिऱ्हाईक आलंय,
चालवून बघणार म्हणे.

झाकण निघालं. आत काकवीसारखं तेल
आणि तेलात लाल धूळ.
ती सीलमधूनही शिरते,
इथं नखांत शिरते तशी.

मधोमध सूर्य, चोवीस दाते.
त्याच्याभोवती तीन ग्रह, अठरा-अठराचे.
बाहेरून कडं, आतल्या अंगाला साठ.
चोवीस, अठरा, पुन्हा अठरा.
बेरीज जुळली तरच हे एकमेकांत बसतं,
हातोड्यानं बसत नाही.

कायतान मेस्तांनी हे खडूनं शिकवलं,
याच फरशीवर, मी दहावी नापास होऊन आलो तेव्हा.
"कडं घट्ट धरलंय. चाक एकदा फिरायला
सूर्य किती वेळा फिरेल?"
मी साठाला चोवीसनं भागलं.
"अडीच."
त्यांनी पाना हनुवटीला लावला.
"आनी तो एक खंय गेलो?"

कुठला एक, मला कळेना.
मग म्हणाले, ग्रहांच्या चौकटीवर बस.
मनानं बस रे!
फेरीबोट सुटली की धक्काच मागं सरकतो ना,
तसं कडं उलटं जाताना दिसेल.
कडं एक फेरा उलटं, सूर्य अडीच सुलटा.
बरोबर आहे तुझं.
पण तू बसलायस कशावर?
ती चौकटही एक फेरा हिंडून आली की नाही?
उतर आता, आणि तो हातचा मिळव.

साडेतीन.

चहा येईपर्यंत त्यांनी सगळं उलथंपालथं केलं.
सूर्य धर, कडं फिरव: एक पूर्णांक चार.
चौकट धर: कडं उलटं पळतं,
आणि उत्तर अडीचच. हातचा नाही,
कारण तू जागचा हललाच नाहीस.
भाग तेच तीन.
कुणाला धरलंस, एवढाच प्रश्न.

आणि ग्रहांचे अठरा दाते?
ते उत्तरात कुठंच येत नाहीत.
ओझं तिघांत वाटलेलं, झिजतात आधी तेच.
मी विचारलं तेव्हा मेस्त काही बोलले नाहीत.
तळहाताची घट्टी अंगठ्यानं चोळत राहिले,
मग पोदेराचा भोंपू वाजला म्हणून उठले.

मेस्त आता दुर्भाटला लेकीकडे असतात.
हात थरथरतो, खडू धरवत नाही.

नव्या पिना घातल्या. तेल नंतर.
सूर्यावर एक खूण, चाकावर एक, दोन्ही वर,
आणि शाफ्ट हातानं फिरवायला घेतला.
एक. दोन. तीन. अर्धा.
चाकाची खूण फिरून जागेवर आली.
सूर्याची मात्र तळाशी,
तेलाच्या ओघळात.

दोघी वर भेटायला
चाकाला अजून एक फेरा हवा.
बाहेर गिऱ्हाईक हॉर्न देतंय.
थांब म्हटलं.